वरची खोली आणि भोगवट्याचा दाखला

नाशिकच्या सिडको वसाहतीत चक्कर मारली की दिसतं, मुळात एक-दोन खोल्यांची घरं आता दोन-तीन मजली झालीत. मुलांची लग्नं झाली, जागा पुरेना, वर खोली चढली. गरज खरीच. पण कागद?

वाढीव बांधकामालाही महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार आधी परवानगी लागते. नाशिकमध्ये ती महापालिकेचा नगररचना विभाग देतो. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडून नकाशा काढून घ्या. प्लॉटवर बांधता येणारं चटईक्षेत्र किती शिल्लक आहे ते तोच मोजून सांगेल. जुन्या भिंती नवा भार पेलतील का, हे मात्र संरचना अभियंत्याला विचारा. गवंड्याच्या ‘काही होत नाही, साहेब’वर मजला चढवू नये.

परवानगीची मुदत एक वर्ष. त्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण करावं लागतं. काम संपल्यावर बहुतेकजण थांबतात आणि इथेच चुकतात. पूर्णत्वाचा अर्ज करून भोगवटा दाखला, म्हणजे बांधकाम वापरण्याची परवानगी, घ्यावा लागतो. घर विकताना, कर्ज काढताना बँक तोच मागते.

‘आम्ही वाढीव घरपट्टी भरतो ना!’ असं पुष्कळजण सांगतात. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. उलट अनधिकृत भागावर शास्ती लागू शकते, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली बांधकाम पाडण्याची नोटीसही येऊ शकते. बांधकाम नियमात बसत असेल, तर शुल्क भरून ते नियमित करता येतं. तेव्हा आधी मंजूर नकाशा शोधा, मग विटांची ऑर्डर द्या.