‘लाय’ आणि खोटे

इंग्रजीतील ‘लाय’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर शाळकरी मुलगाही ‘खोटे’ असे चटकन सांगेल. परंतु हे दोन शब्द एका मापाचे नाहीत. मराठीत नाणे खोटे निघते, दागिना खोटा असतो, बातमी खोटी ठरते आणि माणूस खोटे बोलतो. बिचाऱ्या नाण्याच्या ठिकाणी कसला आला हेतू? ते खरे नाही, एवढेच. इंग्रजीने या दोन गोष्टींसाठी दोन शब्द राखले. जे खरे नाही ते ‘फॉल्स’. आणि खरे नाही हे ठाऊक असून दुसऱ्याने खरे मानावे म्हणून जे बोलले जाते, ते ‘लाय’. पहिला शब्द वस्तुस्थितीविषयी सांगतो, दुसरा बोलणाऱ्याच्या मनाविषयी.

म्हणूनच हा शब्द जड आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये एका सभासदाचे विधान चुकीचे आहे, असे दुसऱ्याने खुशाल म्हणावे. पण त्याला ‘लायर’ म्हटले, की अध्यक्ष तो शब्द मागे घ्यावयास सांगतात.

कायद्यानेही हाच भेद पाळला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील १९१ वे कलम खोट्या साक्षीविषयी होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या २२७ व्या कलमाने घेतली. विधान खरे नाही, एवढ्यानेच तेथे गुन्हा होत नाही. साक्षीदाराला ते खोटे असल्याचे ठाऊक असावे लागते, किंवा निदान ते खरे असल्याचा त्याचा विश्वास नसावा लागतो. ओळखीच्या माणसाची सही आहे असे आपणास वाटते, असे कोणी शपथेवर प्रामाणिकपणे सांगितले आणि पुढे ती दुसऱ्याची निघाली, तरी ती खोटी साक्ष नव्हे, असे कलमाखालील उदाहरणच सांगते.

आपल्या कचेऱ्यांत मात्र हा विवेक नेहमी राहतो असे नाही. अर्जात जन्मतारीख चुकते आणि ‘अर्जदाराने खोटी माहिती दिली’ असा शेरा पडतो. एका शब्दाने विसरभोळा मनुष्य लबाड ठरतो! तेथे ‘चुकीची माहिती’ एवढेच लिहिणे न्यायाचे.

परंतु शब्दाचे माप काटेकोर असले, की चतुर मनुष्य त्याच्या कडेने निसटू पाहतो. १९८६ साली ‘स्पायकॅचर’ या पुस्तकाचे प्रकाशन थांबविण्यासाठी ब्रिटिश सरकार सिडनीच्या न्यायालयात गेले. सरकारतर्फे साक्षीला उभे होते मंत्रिमंडळाचे सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग. पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले माल्कम टर्नबुल त्यांची उलटतपासणी घेत होते. एका पत्राने दिशाभूल होत होती, हे आर्मस्ट्राँग यांनी मान्य केले. पण ते ‘लाय’ म्हणावयास ते तयार नव्हते. सत्याच्या बाबतीत काटकसर केली, अशा आशयाचे त्यांचे उत्तर जगभर गाजले. ती शब्दयोजना मुळात एडमंड बर्क यांच्या लेखनातली. या साक्षीनंतर मात्र ती सभ्य भाषेतील थापेचे नाव होऊन बसली.

महाभारताने असल्या काटकसरीचा निवाडा फार पूर्वीच केला आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेला असे मोठ्याने सांगितले आणि हत्तीचा उल्लेख हळूच केला. शब्द तपासले तर त्यात असत्य सापडत नाही. पण द्रोणांनी आपला पुत्र गेला असे समजावे, हाच हेतू होता. तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला.

दुसऱ्यावर खोटेपणाचा आरोप ठेवताना इंग्रजी शब्दाचे काटेकोर माप घ्यावे. स्वतःचे बोलणे तपासताना मात्र युधिष्ठिराच्या रथाचे घ्यावे.