शर्टाची बटणपट्टी

घरीं शिवलेला शर्ट कोणाच्या अंगावर दिसला, कीं जाणत्या माणसाची दृष्टि प्रथम कोठें जाते? कॉलरकडे नव्हे आणि बाह्यांकडेहि नव्हे. गळ्यापासून घेरापर्यंत उतरणारी ती सव्वा इंच रुंदीची पट्टी सरळ आहे कीं वांकडी, हें तो आधीं पाहतो. आज मी त्या एका पट्टीविषयींच बोलणार आहें.

आपल्याकडे ही पट्टी फारशी जुनी नाहीं. बाराबंदीला बटणें नव्हतीं. ती बंदांनीं बांधीत. कुडतें डोक्यावरून घालावयाचें, म्हणून त्याची पट्टी छातीपाशींच थांबते. खुद्द इंग्लंडांतहि पुरुषांचा शर्ट पुष्कळ काळ डोक्यावरूनच चढवीत असत. समोरून पूर्ण उघडणारा शर्ट तेथील ब्राऊन, डेव्हिस आणि कंपनी या पेढीनें १८७१ सालीं नोंदविला. शर्ट असा वरपासून खालपर्यंत दुभंगला, आणि ते दोन भाग एकमेकांवर नेमके बसविण्याची जबाबदारी शिवणाऱ्याच्या गळ्यांत पडली.

ती किती अवघड आहे हें मला माझ्या मामंजींच्या शर्टानें शिकविलें. मामंजी नित्य सूत कातीत. एकदां स्वतःच्या सुताचें कापड त्यांनीं विणून आणविलें, आणि “सूनबाई, याचा शर्ट तुम्हीच शिवा” असें म्हणून माझ्या स्वाधीन केलें. कापड एका शर्टापुरतेंच होतें. मीं तें आधीं धुऊन घेतलें, कारण नवें सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें. पुढचे भाग बेतले, छातीच्या मध्यरेषेवर खूण करून तेथेंच कांठ आंत दुमडला आणि यंत्रावर टीप मारली. पट्टी रेघेसारखी सरळ आली. काजें करण्यापूर्वीं टाचण्या लावून शर्ट मामंजींच्या अंगावर चढविला, तों तो छातीवर तट्ट बसला.

चूक केवळ हिशेबाची होती. बटण पट्टीच्या मधोमध लागतें, आणि तें शरीराच्याहि मध्यरेषेवर पडावें लागतें. तेव्हां पट्टीचा अर्धा भाग मध्यरेषेच्या पलीकडे गेला पाहिजे. पट्टी सव्वा इंच असेल, तर कारागिरांच्या मापानें पांच सूत, म्हणजे इंचाचे पांच अष्टमांश, इतकें कापड दोन्ही बाजूंना मध्यरेषेच्या पुढें हवें. मीं मध्यरेषेवरच दुमड घातली होती. म्हणून पट्टीवर पट्टी येतांच शर्टाचा घेर सव्वा इंचानें घटला.

काजें कापलीं नव्हतीं, एवढ्यानेंच निभावलें. टीप उसवितां येते. कापलेलें काज पुन्हां मिटत नाहीं. दुमड उसवली, तेव्हां आंत वळविलेलें दीड इंच कापड मोकळें झालें. त्यांतून पांच सूत वाढ आणि शिवणीपुरतें दोन सूत ठेवून बाकीचें छाटलें, आणि उरलेल्या तुकड्यांतून दोन स्वतंत्र पट्ट्या काढून लावल्या.

स्वतंत्र पट्टी कापतांना तिची लांबी ताण्याच्या दिशेनेंच धरावी. कापड ताण्याच्या बाजूनें कमी ताणलें जातें, बाण्याच्या बाजूनें अधिक. आडवी कापलेली पट्टी शिवतां शिवतां लांबते आणि पोटावर झालरीसारखी लाटा मारते. आंत पातळ मलमलीचें अस्तर घालावयाचें असेल, तर तेंहि आधीं धुतलेलें असावें, नाहीं तर पुढें तें आटून वरच्या कापडाला फुगे येतात. पट्टीच्या दोन्ही कडांना टीप मारतांना दोन्ही वेळां एकाच दिशेनें, घेराकडून गळ्याकडे जावें. यंत्राचे दांते खालचें कापड पुढें ओढतात आणि वरचें थोडें मागें राहतें. एक कड वर जातांना आणि दुसरी खालीं येतांना शिवली, तर ही ओढ उलट-सुलट पडून पट्टी पिळवटते. दुकानांतून घेतलेल्या शर्टांवरहि अशा तिरप्या सुरकुत्या मीं पाहिल्या आहेत, आणि त्या कितीहि इस्त्री केली तरी जात नाहींत.

आतां काजें. पुरुषांच्या शर्टांत घालणाऱ्याची डावी बाजू वर येते, म्हणून काजें डावीकडे. पट्टीवरचीं काजें उभीं, कॉलरच्या पट्टीवरचें मात्र आडवें. पहिली खूण छातीच्या सर्वांत रुंद जागीं करावी, कारण ताण तेथें पडतो आणि फट तेथेंच पडते. मग तेथून वर आणि खालीं सुमारें सव्वातीन इंचांचें अंतर मोजीत जावें. काजाची लांबी बटणाची रुंदी आणि जाडी मिळून होते तितकी. उरल्या तुकड्याच्या तितक्याच घड्या करून त्यावर एक काज आधीं करून पाहावें. मी हें कधींहि टाळीत नाहीं. यंत्रावर काज आधीं शिवून मग कापावयाचें. कापतांना दोन्ही टोकांशीं आडवी टाचणी खोंचावी, म्हणजे कात्रीची धांव टांक्यापलीकडे जात नाहीं.

बटणांच्या खुणा काजांवरूनच घ्याव्या. मोजपट्टीवर येथें विसंबूं नये. शर्ट सपाट पसरून घेराचीं दोन्ही टोकें जुळवावीं, मध्यरेषेवर मध्यरेषा ठेवावी, आणि उभ्या काजाच्या वरच्या टोकापासून एक सूत खालीं टाचणी आरपार घालावी. टोंचलें तेथें बटण. बटणाखालीं दोरा थोडा सैल ठेवून त्याला शेवटीं तीन-चार वेढे द्यावे. तेवढी मान नसली, तर काजाची कड दाबली जाते.

मामंजींच्या शर्टाला पूर्ण लांबीचा तुकडा उरला नव्हता. डाव्या पट्टीला जोड द्यावा लागला, तो मीं तिसऱ्या आणि चौथ्या बटणांच्या मध्यें घेतला. शर्ट घालतांना मामंजींनीं त्या जागीं बोट फिरविलें, “येथें काय झालें?” असें विचारलें, आणि मीं सांगितल्यावर हंसून बटणें लावलीं. तो शर्ट आतां माझा मुलगा घालतो. कॉलर एकदां बदलली. पट्टी तीच आहे.