दुसऱ्या रकान्यातलं नाव

(९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिनाच्या मेळाव्यात संघटनेच्या महिला कार्यकर्त्यांनी मांडलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या वाड्यांतून कुणाला येता आलं नाही, तिथं बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा.)



बायकांचा दिवस जगभर ८ मार्चला पाळतात. त्या दिवशी आपल्या कातकरवाड्या रिकाम्या असतात. दाराला काटी लावून नवरा-बायको, पोरंबाळं वीटभट्टीवर गेलेली असतात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. म्हणून बायकांचं बोलणं आपण आज काढलं. लावणी उरकली आहे, नाचणी-वरी लागली आहे, माणसं घरात आहेत. आणि ९ ऑगस्ट तसाही आपलाच दिवस. १९८२ साली याच तारखेला जिनिव्हा शहरात जगातल्या आदिवासींच्या हक्कांसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाची पहिली बैठक बसली. त्यावरून १९९४ मध्ये हा दिवस ठरला.

आता कुणी दादा म्हणेल, आपलं भांडण फॉरेस्टवाल्यांशी आणि प्रांत कचेरीशी, त्यात जिनिव्हा कुठून आलं? ते आलं आहे आपल्या दाव्याच्या कागदात. दुसऱ्या रकान्यात.

वनहक्काचा अर्ज आठवा. पहिल्या रकान्यात दावेदाराचं नाव, दुसऱ्यात त्याच्या जोडीदाराचं. आम्ही कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांतले दावे काढून बघत बसलो, तेव्हा कितीतरी अर्जांवर या दुसऱ्या जागी नुसती आडवी रेघ होती. कुठं बाईचं माहेरचं नाव पडलेलं, रेशनकार्डावर सासरचं. कुठं घरात ज्या नावानं हाक मारतात ते नाव, मतदार यादीत वेगळंच. एका कचेरीत तर बाबूनं बाईला तोंडावर सांगितलं, दावा नवऱ्याचा आहे, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. २००६ चा वनहक्क कायदा, कलम ४, पोटकलम ४. लग्न झालेलं असेल तर जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. घर एकटं माणूस चालवत असेल तर त्या एकट्याच्या नावे. म्हणजे विधवा बाई, नवऱ्यानं टाकलेली बाई स्वतः दावेदार होऊ शकते. पट्टा वारसाला जातो, पण तो विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. ज्या तालुक्यांत दर पावसाळ्यानंतर फार्महाऊसवाल्यांचे दलाल वाडीवाडीत फिरतात, तिथं या शेवटच्या वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आपल्याकडं दळीची जमीन. दळीच्या जुन्या कागदावर म्होरक्या पुरुषाचं नाव असायचं. राबाला पाला-शेण कुणी वाहिलं, राब कुणी भाजला, वरीच्या खाचरात रात्री रानडुकरं कुणी हाकलली, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. २००५ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला मुलाइतका वाटा मिळाला, तोही त्या कायद्यानं आपल्या मुलींपर्यंत येत नाही. त्यामुळं आदिवासी बाईच्या हातात जमिनीचा सरकारी कागद यायची जी थोडी ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक. तिथंच रेघ मारलेली.

हे दोन नावांचं कलम दिल्लीच्या साहेबांना एका सकाळी सुचलं असं नाही. १९७५ हे साल जगभर महिला वर्ष म्हणून पाळायचं ठरलं आणि संयुक्त राष्ट्रांनी प्रत्येक देशाला विचारलं, तुमच्याकडं बायकांची हालत काय ते सांगा. त्यासाठी भारत सरकारनं नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ च्या डिसेंबरात आला, 'समानतेकडे' असं त्याचं नाव. तो वाचून बरेच मोठे लोक दचकले, कारण स्वातंत्र्य मिळून पंचवीस वर्षं झाली तरी गरीब बाईचं बरं झालेलं दिसत नव्हतं. त्याच सुमाराला धुळे जिल्ह्यात शहाद्याच्या आदिवासी बाया दारूचे गुत्ते फोडत होत्या, मजुरीसाठी लढत होत्या. १९७५ च्या ऑक्टोबरात पुण्यात स्त्री मुक्तीची परिषद झाली, तेव्हा शहाद्याकडच्या बायाही तिथं होत्या. आणीबाणीचा काळ, जमाव करायला बंदी. पण महिला वर्षाच्या नावानं जमायला थोडी वाट मिळाली. मग बिहारात बोधगयेला महंताच्या मठाची जमीन भूमिहीनांनी लढून सोडवली. तिथं बायांनी धरणं धरलं की लाठ्या आम्हीपण खाल्ल्या, पट्टे आमच्याही नावे करा. काही गावांत ते झालं. सहाव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९८० नंतर, जमीनवाटपात नवरा-बायको दोघांची नावं लावावीत असं लिहिलं गेलं. इकडं शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे शेत करावं म्हणून. चांगलं काम होतं. फक्त त्यांच्याकडं करून द्यायला सातबारा तरी होता!

सगळ्या देशांनी मिळून बायकांसाठी एक करारही केला, १८ डिसेंबर १९७९ ला. बायकांशी होणारा सर्व प्रकारचा भेदभाव संपवायचा, असा. त्याचं कलम १४ खेड्यातल्या बाईसाठी आहे, आणि त्यात जमीनवाटपात बाईला समान वागणूक द्या असं लिहिलं आहे. भारतानं १९८० साली सही केली, ९ जुलै १९९३ ला तो करार पक्का मान्य केला. सही करून कपाटात ठेवायचा कागद, असं आम्हालाही वाटलं असतं. पण राजस्थानात बालविवाह थांबवणाऱ्या एका गरीब साथिनीवर गावच्या दांडग्यांनी अत्याचार केला, त्यानंतर बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. कामाच्या जागी बाईला संरक्षण देणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. कोर्टानं १३ ऑगस्ट १९९७ ला हाच करार समोर धरून नियम घालून दिले आणि कायदा होईपर्यंत हेच पाळा म्हणून सांगितलं. कागद कपाटात होता, बायांनी तो बाहेर काढला.

आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ ला झाला. भारतानं बाजूनं मत दिलं आणि वर आपलं जुनं म्हणणं लावलं की आमच्या देशात सगळेच मूळचे रहिवासी. हे आपल्या दळीवर येऊन सांगावं! तरी मत बाजूचं आहे, ते धरून ठेवायचं. त्या जाहीरनाम्यात कलम ४४ आहे: यातले सगळे हक्क आदिवासी बाईला आणि पुरुषाला सारखे.

बाहेरची मदत म्हटलं की काही जणांना गाडी, कॅमेरा आणि हॉटेलातलं शिबिर आठवतं. पाहुणे येतात, बचत गटाच्या बायांना रांगेत उभं करून फोटो काढतात, जातात. जागतिक बँकेचं कर्ज हेसुद्धा परदेशी सहकार्यच म्हणवतं. सरदार सरोवराला तेच मिळालं होतं. मणिबेलीच्या आदिवासी बाया-माणसांनी बुडायची वेळ आली तरी घरं सोडली नाहीत, परदेशातल्या लोकांनी आपापल्या सरकारांना जाब विचारला, आणि १९९३ च्या मार्चमध्ये ते उरलेलं कर्ज थांबलं. धरण थांबलं नाही, हेही खरं. आम्हाला सहकार्य हवं आहे ते दुसऱ्या जातीचं, तिकडच्या बाईनं काय मिळवलं आणि कसं, ते कळण्याचं.

१९९५ साली चीनमध्ये बीजिंगला जगातल्या बायकांची मोठी परिषद झाली. तिथं आलेल्या आदिवासी बायांनी आपलं वेगळं निवेदन केलं. त्यांचं म्हणणं असं की नोकरीत, पगारात बरोबरी मागता ते ठीक, पण आमची जमीन आणि रान गेलं तर आम्ही कुणाच्या बरोबरीनं उभं राहायचं? हे शेवळं विकायला नेरळच्या बाजारात बसणाऱ्या मावशीला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी तीन ठिकाणं सांगतो. नेपाळात गावाचं रान गाव सांभाळतं. तिथल्या २००९ च्या नियमानं रानाच्या समितीत निम्म्या बाया असाव्यात, आणि अध्यक्ष किंवा सचिव यातलं एक पद बाईकडं असावं. आफ्रिकेत इथिओपिया देशाच्या अम्हारा भागात जमिनीच्या पुस्तिकेवर नवरा-बायको दोघांचे फोटो लावतात. अक्षर येत नसलं तरी बाईला आपला चेहरा ओळखता येतो, आणि तिला वगळून व्यवहार करणाऱ्याला तो झाकता येत नाही. आमच्या मते आपल्याकडंही अशीच मागणी लावून धरली पाहिजे.

तिसरी गोष्ट ब्राझीलची. तिथं बाबासू नावाचं ताडासारखं झाड आहे. गरीब बाया त्याची फळं गोळा करून, फोडून, आतल्या गरावर संसार चालवतात. मोठ्या गुरंवाल्यांनी जमिनी घेऊन तारा ठोकल्या, झाडाकडं जायची वाट बंद केली. बायांनी १९९१ पासून चार राज्यांतल्या गावांची एकी बांधली. १९९७ साली लागो दो जुंको नावाच्या गावच्या पालिकेनं कायदा केला की जमीन कुणाचीही असो, बाबासूची फळं गोळा करायला बायांना जाता येईल. आता आपल्या करवंदा-जांभळांच्या वाटा आठवा. कुठं गेट, कुठं कुत्रा, कुठं वॉचमन. आपल्या कायद्यात गौण वनउपजावर मालकी आहे, पण ती रानातली. खासगी भिंतीच्या आतल्या झाडाचं काय, हा प्रश्न आपल्या ग्रामसभांनी अजून मांडलेला नाही. ब्राझीलच्या बायांनी तो मांडला, कायदा पुढं आला.

ग्रामसभेचं थोडं. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळं पालघरमधल्या जव्हार-डहाणूसारखा पेसा कायदा आपल्याला लागू नाही. आपल्या ग्रामसभेला रानाबद्दल जी ताकद आहे ती वनहक्क कायद्यानं. २०१२ च्या सुधारित नियमानं निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधीही हवेत. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया. प्रांताच्या समितीत पंचायतीकडून येणाऱ्या तीन सभासदांत एक बाई. म्हणजे बाया नसतील तर सभाच बेकायदेशीर, ठराव खोडता येतो. आता ही सभा डिसेंबरात लावली तर काय होईल? बाया भट्टीवर. मग कुणीतरी रजिस्टर घेऊन घरोघर अंगठे गोळा करतं. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायांना आहेत, आणि तिथंही किती सरपंच बायांची खुर्ची नवराच गरम करतो, ते तुम्ही बघताच. दादांनो, हसू नका.

पुराव्याचंही बायांनीच बघायचं आहे. जुने सरकारी कागद पुरुषांचे. पण नियम १३ मध्ये वडीलधाऱ्या माणसांचा जबाब हाही पुरावा धरला आहे, तो दावेदाराचा स्वतःचा नसावा आणि लेखी घेतलेला असावा. बांध, विहीर, झोपडीचा चौथरा, मसणवटा यांच्या खुणाही चालतात. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. कुठल्या दुष्काळात कुठला माळ फोडला, कोणत्या पोराच्या जन्माच्या साली बांध घातला, हे म्हाताऱ्या बायांना पाठ असतं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीची कसवणूक दाखवायची आहे, आजीला त्याच्या कितीतरी आधीचं सांगता येतं. आतापर्यंतच्या जबाबांत आज्या फार थोड्या दिसतात, आजोबाच जास्त.

घरात दोन बायका असतील तर कुणाचं नाव, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. आमचं म्हणणं, जी कसते तिचं नाव सुटता कामा नये, आणि हे वाडीनं सभेत सगळ्यांसमोर बोलून ठरवावं, घराच्या पडवीत नाही. टाकलेल्या बाईनं वेगळा दावा लावला म्हणून तिला वाळीत टाकायची भाषा झाली, तर संघटना तिच्या बाजूला उभी राहील.

आता काम. भट्टीचा मुकादम उचल घेऊन दिवाळीच्या सुमाराला वाडीत शिरतो. त्याच्या आधी ग्रामसभा झाली पाहिजे. प्रत्येक वाडीनं ग्रामसेवकाकडं तारखेची लेखी मागणी करावी, अर्जावर बायांच्या सह्या-अंगठे असावेत आणि पोच घ्यावी. जिथं दुसऱ्या रकान्यात रेघ आहे, तिथं वनहक्क समितीकडं नाव दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. पट्टा हातात आला असेल तर त्यावरचं नाव आधी वाचून घ्या, धारकाच्या नावात जोडीदाराचं नावही असायला हवं. दावा फेटाळल्याचा कागद आला तर तारीख बघा. वर अपील करायला ६० दिवस असतात, आणि कागद घरात पत्र्याखाली राहून दिवस निघून जातात. मोजणीला माणसं आली की बाईनं शेतात हजर राहून चतुःसीमा स्वतः दाखवायची, कारण वरच्या अंगाचा बांध कुठवर जातो ते तिला जास्त माहीत असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कर्जतला बैठक आहे. येताना दाव्याची झेरॉक्स, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि जातीचा दाखला असेल तर तो आणा. नावात फरक असेल तर तसं सांगा, लपवू नका, प्रतिज्ञापत्र करता येतं. खालापूरकडच्या वाड्यांनी एकत्र टेम्पो करावा, भाडं वाटून घेऊ. ज्या आजींचे जबाब घ्यायचे आहेत त्यांना चालवत आणू नका, आम्ही वह्या घेऊन वाडीवर येतो.