चंद्र दिसेपर्यंत थांबायचं

मी बी.ए. झालेला कवी. कॉम्प्युटरशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. पण माझी भाची पुण्यात वेबसाइट तपासण्याचं काम करते. तिच्याकडून समजलेली एक गोष्ट आज सांगतो.

वेबसाइट नीट चालते का, हे पाहायला दुसरा प्रोग्राम लावतात. तो माणसासारखा ब्राउझर उघडतो, नाव भरतो, बटण दाबतो. 2004 साली जेसन हगिन्स यांनी अमेरिकेत त्यासाठी 'सेलेनियम' हे साधन तयार केलं. ते आजही वापरात आहे.

अडचण अशी, की या चाचण्या लहरी असतात. सकाळी पास, दुपारी नापास. आणि मधे कुणी काहीच बदललेलं नसतं. आपल्या सुमारे 16 टक्के चाचण्यांत असा थोडाफार लहरीपणा आहे, असं 2016 साली गूगलनेच सांगितलं होतं. मग 'लांडगा आला रे आला' अशी गत होते. चाचणी नापास झाली, की 'पुन्हा चालवा, होईल पास' म्हणतात. एखादे दिवशी लांडगा खरंच आलेला असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं बटण खरंच दबत नसतं, आणि तालुक्याच्या गावी शेवटच्या तारखेला एखादी मुलगी ते दाबत बसलेली असते.

याचं एक मोठं कारण म्हणजे वाट पाहण्याची चुकीची रीत. पान उघडायला कधी 1 सेकंद लागतो, कधी 6. चाचणीला '5 सेकंद थांब' सांगितलं, तर एकदा वेळ फुकट जातो आणि एकदा ती उगाच नापास होते.

आमची ईद नुसत्या घड्याळावर ठरत नाही. 29व्या रोजाच्या संध्याकाळी लोक गच्चीवर चढून चंद्र शोधतात. दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर 30 रोजे पुरे करायचे, त्यापुढे थांबणं नाही. चाचणीलाही हेच शिकवायचं. बटण दिसतंय का, दाबता येतंय का, ते पाहा. दिसताक्षणी पुढे जा. ठरल्या मर्यादेपर्यंत नाहीच आलं, तर साफ नापास म्हण. 2020 साली आलेलं मायक्रोसॉफ्टचं 'प्लेराइट' अशी वाट बरीचशी आपणहून पाहतं.

आणखी दोन पथ्यं आहेत. बटण 'डावीकडून तिसरं' असं शोधू नये, 'अर्ज पाठवा' या त्याच्या नावानं शोधावं. पानाची मांडणी बदलली तरी नाव सहसा टिकतं. आणि प्रत्येक चाचणीनं आपली माहिती स्वतः तयार करावी. आधीच्या चाचणीनं उघडलेल्या खात्यावर विसंबलं, की क्रम बदलताच सगळं कोसळतं.

एवढं करूनही चाचणी अधूनमधून नापास झाली, तर ती पुन्हा चालवण्याआधी कारण शोधावं. कधी कधी दोष चाचणीचा नसतो. नेट मंद असताना वेबसाइटच अडखळत असते. अर्ज भरणाऱ्या त्या मुलीच्या हातात तेवढा एकच दिवस असतो.