शिक्षण कमी म्हणून मागं का राहायचं?



आमच्या शिर्डीत हार-फुलांच्या धंद्यात कितीतरी बाया आहेत. पहाटे गुलाबाचा भाव काय होता, दुपारी काय झाला, उधारी कोणाकडे किती राहिली, सगळं तोंडपाठ. पण बचत गटाच्या पदाधिकारी निवडायची वेळ आली की याच बाया मागं सरकतात. मागच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “ताई, आमची शाळा झालेली नाही. आम्हाला कोषाध्यक्ष नका करू.” गटातल्या प्रत्येकीच्या कर्जाचा हप्ता या मावशी वही न उघडता सांगतात! तेव्हा त्यांना आम्ही भाऊसाहेब बांदोडकरांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

दयानंद बांदोडकर म्हणजे भाऊसाहेब. जन्म १९११ सालचा, गोव्यातल्या पेडण्याचा. घरची गरिबी, शालेय शिक्षण बेताचंच. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं. लहानसहान धंदे करत करत ते लोखंडाच्या खाणींच्या धंद्यात शिरले. तिथली माती खणायची, नदीतून बार्जनं मुरगाव बंदरात न्यायची आणि जहाजानं परदेशी पाठवायची. हा व्यवहार ते करता करताच शिकले आणि मोठे खाणमालक झाले.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली आणि भाऊसाहेब गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांनी गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या. शाळेवाचून काय अडतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. १९६४ साली कुळांना संरक्षण देणारा कायदाही झाला.

सगळं मनासारखं झालं असं नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, असं त्यांना वाटे. १६ जानेवारी १९६७ ला त्यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची खूण दोन पानं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही आपलं मत देता आलं. कौल मोकळेपणानं व्हावा म्हणून त्यांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. भाऊसाहेब हरले. पण रुसून घरी बसले नाहीत. दोनच महिन्यांनी निवडणुकीला उभे राहिले, आणि लोकांनी त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. १९७३ साली ते पदावर असतानाच वारले. त्यांच्यानंतर त्यांची लेक शशिकला काकोडकर गोव्याची पहिली महिला मुख्यमंत्री झाली.

खाणींची दुसरी बाजूही आहे. पावसात खाणींचा तांबडा चिखल भातशेतीत उतरतो, हे गोव्यातल्या शेतकऱ्यांचं जुनं गाऱ्हाणं. म्हणून कोणाला देव करू नका. घेण्यासारखं तेवढं घ्या.

गोष्ट ऐकून मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “हिशेब मी बघते, वही लेक लिहील. पण मला वाचायला शिकवा.” आम्ही तसा ठराव केला. आता दर बैठकीत शेवटचा अर्धा तास वाचनाचा असतो.

तुमच्या गटातही अशी एखादी मावशी असेल. पुढच्या बैठकीत तिचं नाव तुम्हीच सुचवा.