तेलाची साक्ष
(अवजड वाहनांच्या देखभालीसंबंधी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टंचाईच्या दिवसांत पाण्याचा टँकर वाटेतच बंद पडतो. गिअरबॉक्स उघडला की दाते तुटलेले आढळतात. दुरुस्तीचा खर्च कार्यालय सोसते. तहान मात्र गावाला सोसावी लागते. पुष्कळदा हे दाते एका दिवसात गेलेले नसतात. ते दीर्घकाळ झिजत असतात आणि त्या झिजेची साक्ष आतल्या तेलातच साठत असते. ती कशी वाचावयाची, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ही विद्या तशी जुनी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेच्या प्रयोगशाळेने वापरलेल्या तेलातील धातू तपासून डिझेल इंजिनांतील बिघाड ओळखले. पुढे ही पद्धत विमानांना व अवजड वाहनांनाही लागू झाली. तेलाचा नमुना विजेच्या ठिणगीत जाळला असता प्रत्येक धातू आपल्या विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश देतो. त्यावरून तेलाच्या दहा लाख भागांत कोणता धातू किती, हे कळते. लोखंड वाढले तर दाते, शाफ्ट किंवा बेअरिंग यांच्यावर संशय घ्यावा. तांबे वाढले तर पितळी रिंगा व बुश पाहावेत. लोखंडाबरोबर सिलिकॉनही वाढले, तर बहुधा खराब सीलमधून धूळ आत शिरत असते. अशा वेळी सील वेळीच बदलले, तर गिअरबॉक्स वाचू शकतो.

या तपासणीला मर्यादाही आहे. सुमारे दहा मायक्रॉनहून मोठे कण तीत नीट मोजले जात नाहीत. म्हणून तेल बदलताना चुंबकी ड्रेन प्लगही पाहावा. त्यावरील बारीक काळपट लेप स्वाभाविक होय. धातूचे तुकडे ही धोक्याची सूचना होय.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत योग्य जागचे हवे. वाहन चालून आल्यावर, तेल कोमट असतानाच, तळचा गाळ टाळून, दर वेळी त्याच जागेतून, स्वच्छ व कोरड्या बाटलीत नमुना घ्यावा. वाहनाचा क्रमांक, तेलाचा प्रकार आणि तेल बदलल्यानंतरचे किलोमीटर लिहावेत. एकाच आकड्यावर निर्णय करू नये. मागील आकड्यांशी तो ताडून पाहावा. मध्यंतरी तेल बदलले आणि नोंद राहिली, तर आकडा उतरतो व झीज थांबल्याचा भास होतो.

मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु प्रयोगशाळेचे यंत्र कितीही अचूक असले, तरी नोंदवही कोरी असेल तर त्याचा उपयोग नाही, हे मला कळते. ती नोंद ठेवणे तुमच्या-आमच्या हाती आहे.