पत्ता पक्का, तर सौदा पक्का

(बचत गटाच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे पत्त्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजी, पत्त्यात बोलण्यासारखं काय आहे? नाव, गाव, तालुका, जिल्हा. झालं! पण तसे नाही. ज्याला घरबसल्या मोबाइलवरून माल विकायचा आहे, त्याचा निम्मा धंदा पत्त्यावर चालतो. पत्ता चुकला तर माल भटकतो. आणि पत्त्यात कोणी लबाडी केली, तर मालही जातो आणि पैसाही जातो.

आधी पत्ता म्हणजे काय ते पाहू. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. त्याच जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. पुणे जिल्ह्यात नुसते शिरूर आहे. आता पार्सलावर कोणी 'शिरूर' एवढेच लिहिले, तर पोस्टमनने जावे कोठे? अशी अडचण साऱ्या देशात होती. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ही योजना आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ. ते संस्कृतचे कवीही होते.

पिनकोडात सहा आकडे असतात. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. आपल्या महाराष्ट्राचा ४. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाचा जिल्हा कळतो. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. लातूर शहराचा पिनकोड ४१३५१२, नांदेड शहराचा ४३१६०१. तेव्हा पत्त्यात नांदेड शहर लिहिले आहे आणि पिनकोड ४१३ ने सुरू होतो, असे दिसले की थांबावे. एक तर ती चूक असेल, नाही तर लबाडी असेल.

आता घडलेली गोष्ट सांगतो. कंधार तालुक्यातील एका गावी अकरा बायकांचा बचत गट आहे. त्या गोधड्या शिवतात. आम्ही त्यांना हिशेब शिकवायला जात असू. त्यांच्यातल्या एका शिकलेल्या सुनेने गोधड्यांचे फोटो काढून एका विक्री कंपनीच्या ॲपवर टाकले. थोड्याच दिवसांत सहा गोधड्यांची ऑर्डर आली. किंमत ८,४०० रुपये. पत्ता लातूरचा. गिऱ्हाइकाने पैसे कंपनीकडे भरले. माल पोचला की ते गटाला मिळायचे होते. साऱ्या जणी हरखून गेल्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, आम्ही लग्नासाठी नांदेडला आलोय. माल लातूरला पाठवू नका. इथंच तरोडा नाक्याजवळ पाठवा. पत्ता सांगतो, लिहून घ्या." सुनेने आम्हाला विचारले, "गुरुजी, काय करू?" आम्ही म्हणालो, "अगं, गिऱ्हाईक म्हणजे देव. नांदेड तर जवळच आहे. दे पाठवून."

तिने दुसऱ्याच कुरिअरने माल नांदेडला पाठवला. तिथे एका माणसाने तो घेतला. आठ दिवसांनी कंपनीचा निरोप आला, 'गिऱ्हाइकाला माल मिळाला नाही, पोच दाखवा.' सुनेने नांदेडची पावती दाखवली. कंपनी म्हणाली, 'ऑर्डर लातूरच्या पत्त्याची आहे. लातूरची पोच कुठे आहे?' ती कुठून आणणार? पैसे गिऱ्हाइकाला परत गेले. ऑर्डरवर जो पत्ता असेल त्याच पत्त्याची पोच धरायची, असा कंपनीचा नियम होता. तो आम्ही कोणी वाचलाच नव्हता.

अकरा जणींची मेहनत पाण्यात गेली. त्यातल्या एकीला लेकीची फी भरायची होती. ती आम्हाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते. सल्ला आमचा, आणि घाम त्यांचा. म्हणून आता जिथे जातो तिथे ही गोष्ट सांगतो.

लबाडीचे आणखीही प्रकार आहेत. ते ओळखून ठेवा.

एक. माल मिळाल्यावर पैसे देतो म्हणून ऑर्डर येते. पत्ता खोटा असतो. माल जातो आणि परत येतो. जाण्या-येण्याचे भाडे बहुधा विकणाऱ्याच्या डोक्यावर बसते. यावर उपाय असा. माल पाठवण्याआधी फोन करा. पत्ता तुम्ही वाचून दाखवू नका. त्यालाच सांगायला लावा. खरा माणूस स्वतःचे घर सांगताना अडखळत नाही. रक्कम मोठी असेल तर थोडे पैसे आगाऊ मागा.

दोन. गिऱ्हाईक म्हणते, "आमचा माणूस गाडी घेऊन येईल, त्याच्याकडे माल द्या." माल जातो, आणि मग 'मिळालाच नाही' अशी तक्रार येते. म्हणून कुरिअर आपणच ठरवावे. माणूस पाठवलाच, तर त्याचे नाव, गाडीचा नंबर आणि सही घेतल्यावाचून माल हलवू नये.

तीन. गिऱ्हाईक पैसे भरल्याचे चित्र मोबाइलवर पाठवते. "चुकून जास्त गेले, वरचे परत करा," असेही म्हणते. चित्र म्हणजे पैसा नव्हे. बँकेच्या आपल्या खात्यात रक्कम दिसली, तरच पैसे आले. आणि एक पक्के ध्यानात ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

चार. 'तुमचे पार्सल अडकले आहे, पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत दुरुस्त करा' असा पोस्टाच्या नावाचा संदेश येतो. खाली दाबायला एक लिंक असते. असे संदेश बनावट आहेत, असा इशारा २०२४ साली सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने दिला होता. तिथे बोट लावू नका. शंका असेल तर पोस्टात जाऊन विचारा.

मग पत्ता बदला म्हणणारा प्रत्येक माणूस चोर समजायचा का? नाही. कोणाची बदली होते, कोणाचे घरी आजारपण असते. त्याला गोड बोलून एवढेच सांगा, "दादा, ही ऑर्डर रद्द करा आणि नव्या पत्त्यावर नवी ऑर्डर नोंदवा." खऱ्या माणसाला यात काही अडचण नाही. लबाडाचा मात्र सारा खेळ यातच मोडतो.

एक वही घाला. तीत तारीख, नाव, पिनकोडासह पूर्ण पत्ता, मालाचे वजन आणि पार्सलचा नंबर लिहा. माल बांधताना आणि पत्ता चिकटवल्यावर फोटो काढा. कुरिअरची पावती वहीला टाचून ठेवा. माल परत आला तर पार्सल उघडतानाच व्हिडिओ घ्या. आत गोधडीऐवजी चिंध्या निघाल्या, तर पुरावा हाती राहतो.

इतके करूनही फसलात, तर लाजून घरात बसू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे बँकेत थांबवण्याची आशा जास्त. जवळच्या पोलीस ठाण्यातही वही आणि पावत्या घेऊन जा. फसवणूक हा गुन्हा आहे. फसलेल्याचा त्यात अपराध नाही.

त्या गटाचे पुढे काय झाले? लेकीची फी साऱ्या जणींनी मिळून भरली, थोडी उशिरा. गोधड्यांचे काम चालू राहिले. मग एकदा पुन्हा तसाच फोन आला, 'पत्ता बदला'. सुनेने नवी ऑर्डर नोंदवायला सांगितले. पलीकडून फोन बंद झाला, तो पुन्हा आलाच नाही. त्यानंतर आणखी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांची खरोखरच पुण्याला बदली झाली होती. त्यांनी निमूटपणे नवी ऑर्डर नोंदवली. गोधडी पोचली, पैसे आले.

त्या गटातल्या एक आजी साठीनंतर अक्षरे शिकल्या. आता पार्सलावरचा पिनकोड त्याच बोट ठेवून वाचतात. एकेक आकडा मोठ्याने म्हणतात, वहीशी ताडून पाहतात, आणि मगच "जाऊ द्या" म्हणतात. त्यांनी होकार दिल्यावाचून त्या घरातून आता एकही पार्सल बाहेर पडत नाही.

तुम्हीही वाचायला शिकला आहात. मग पत्ता वाचा, नियम वाचा, आणि वाचल्यावरच माल पाठवा.